मागच्या सीटवर काय बांधायचं

दुकानात आख्खी भिंत बॅगांची. आख्खी! काळ्या, करड्या, मध्येच दोन भडक नारिंगी, छतापासून खालपर्यंत लटकलेल्या. आणि समोर मी, दोन आठवडे व्हिडिओ बघून बघून डोकं पिकवून आलेली. मला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. कडक पेटी नको, मऊ बॅग हवी. बाईक आडवी झालीच तर पाय पेटीखाली चिरडायला नको, साकीनाक्याला दोन टेम्पोंच्या मधून निघताना कुणाच्या आरशाला घासायला नको, आणि रिकामी झाली की घडी घालून माळ्यावर. एवढं सगळं पाठ. आणि मग दुकानाच्या मालकाने, जिग्नेशभाईने, एकच प्रश्न विचारला आणि माझी वाट लागली.

"मॅडम, फक्त एवढं सांगा, मागे कोण बसणार काय?"

कारण सगळं त्याच्यावरच असतं ना. मागची सीट रिकामी असेल तर टेलबॅग, म्हणजे एकच मोठी वळकटी, सीटवर आडवी टाकायची आणि चार पट्ट्यांनी आवळायची. मागे माणूस असेल तर सॅडलबॅग, दोन्ही बाजूंना लटकणारी जोडी, म्हणजे सीट माणसाला मोकळी.

मी बाबाकडे बघितलं. बाबा एका बॅगेची शिवण अंगठ्याने दाबून बघत होता.

"एकटीच जातेय ती," बाबा म्हणाला. मला नाही, जिग्नेशभाईला नाही. बॅगेला.

थांबा, आधी हे सांगते, की आम्ही दुकानात आलो कसे. आमचं घर घाटकोपरला भटवाडीत, दुकान अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात. एकच रस्ता. मी बाईकवर आले आणि बाबा रिक्षाने आला. त्याच रस्त्याने! त्याच वेळी! असल्फ्याच्या सिग्नलला मी आणि रिक्षा शेजारी शेजारी उभे, वरून मेट्रो चाललीय, आणि बाबा रिक्षातून डोकं बाहेर काढून ओरडतोय, "इंडिकेटर बंद कर! कधीपासून चालूये!"

रिक्षावाला मला म्हणाला, "काका तुमचेच का?"

म्हटलं, "हो ना."

"मग मागे बसवा की त्यांना. मला कशाला भाडं?"

बाबाने डोकं आत घेतलं आणि सिग्नल सुटला.

माझा बाबा आयुष्यात कुणाच्या मागे बसलेला नाही. आधी चालवायचा. मग चालवायचं थांबलं. का, कसं, ते सगळं हॉस्पिटलच्या एका निळ्या फाईलमध्ये आहे, कपाटात, आईच्या साड्यांखाली, आणि मला ती फाईल इथे उघडायची नाही. एवढंच, की उजव्या हाताला पकड राहिली नाही आणि उजवा पाय जरा मागून येतो. तो त्या हाताला "हा आळशी" म्हणतो.

आणि मी निघाले होते गावाला. कणकवलीच्या पुढे आमचं गाव, तिथे चार दिवस, मग तसंच खाली गोकर्णापर्यंत. माझी पहिली लांबची ट्रिप, माझ्या स्वतःच्या सेकंडहँड बाईकवर. सगळ्या ग्रुपवर टाकून झालेलं. पण खरं सांगू? मला हवं होतं की त्या रस्त्यावर बाबा माझ्या मागे असावा. एकदाच. पूर्ण नाही जमणार, माहितीये, पण थोडा. त्याला ते हवं होतं का, मला माहीत नव्हतं. विचारायची डेअरिंग नव्हती. नाही म्हणाला असता तर तो नकार घेऊन मी साडेचारशे किलोमीटर कशी चालवणार होते?

तर बाबाने ती बॅग हुकावरून काढली, तोंड उघडलं, आणि चक्क नाक आत घातलं.

"हिला वासच नाय गो."

बाबा खुशीत असला किंवा घाबरलेला असला की मालवणीत शिरतो. मला ओळखता येत नाही दोन्हींतलं कुठलं ते.

जिग्नेशभाई हसला. "काका, नवीन आहे. वॉटरप्रूफ. वास कुठून येणार?"

आणि मी तिथेच, उभ्या उभ्या, पार लहानपणात गेले. कारण आमच्या बॅगेला वास होता. निळ्या रेक्झिनची होती ती, दोन कप्पे, मध्ये रुंद पट्टा, गाढवाच्या पाठीवर टाकतात तशी सीटवर टाकायची. बाबाने ती कुर्ल्याला सीटकव्हरवाल्याकडून शिवून घेतली होती, माझ्या जन्माच्याही आधी. तिच्यात तोंड घातलं की पहिल्यांदा यायचा आमसुलाचा वास, आंबट, ओलसर. त्याच्या मागे सुक्या बांगड्याचा, जो कितीही धुतली तरी गेला नाही. आणि अगदी तळाला पेट्रोल आणि डांबरगोळी. आई ती बॅग बाल्कनीत ठेवायला लावायची. मी दुपारी शाळेतून आले की बाल्कनीत जाऊन तिचं तोंड उघडायचे, एक श्वास घ्यायचे आणि परत बंद करायचे. मे महिना किती लांब आहे ते त्या वासाच्या जोरावरून कळायचं. शप्पथ. दिवाळीपर्यंत तो पातळ व्हायचा, फेब्रुवारीत अगदी शोधावा लागायचा.

मग एप्रिलच्या शेवटी एक दिवस बाबा कामावरून येताना सायकलच्या जुन्या ट्यूब घेऊन यायचा. बस, मग ठरलंच. घरभर रबराचा वास. बाबा त्या ट्यूब कापून लांब लांब पट्ट्या करायचा, कारण बाजारातले आकडेवाले रबर म्हणे बेइमान असतात, ताण आला की आकडा निसटून डोळ्यात. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. मशीनं लाकडी खोक्यात घालायची आणि अशी बांधायची की ट्रकमधून कुठल्याही देशात गेली तरी आत हलता कामा नयेत. तीस वर्षं तेच. त्यामुळे आमच्या घरात सामान "भरायचं" नसायचं, "पॅक व्हायचं". आदल्या संध्याकाळी पेपर पसरले जायचे, सगळं सामान त्यावर मांडलं जायचं, आणि बाबा दोन्ही हातांत एकेक वस्तू घेऊन तोलायचा, डोळे मिटून, देवळात उभा असल्यासारखा.

"डावीकडे तुझी चप्पल आणि काकीची साडी. उजवीकडे चकलीचा डबा."

आई म्हणायची, "चकली मोडेल हो."

"माझ्या हातचं पॅकिंग. मोडली तर नाव बदलेन."

मोडायची. दर वर्षी. गावात काकी डबा उघडून म्हणायची, "यंदा काय नाव ठेवलास रे?" आणि बाबा तोंड धुवायला विहिरीवर निघून जायचा.

आई एसटीने यायची, तिची बाईकवर कंबर धरायची. बाईकवर मी आणि बाबा. शंभर सीसीची काळी गाडी, तिच्यावर सीटवर मी, माझ्या दोन्ही पायांखाली रेक्झिनची बॅग, आणि माझ्या पाठीमागे कॅरियरवर उभी बांधलेली गोण, तिच्यात अंथरूण. ती गोण माझी आरामखुर्ची होती. आणि मी झोपेत पडू नये म्हणून बाबा आईच्या एका जुन्या वायलच्या साडीने मला स्वतःच्या पाठीला बांधायचा. कमरेतून दोन वेढे, पुढे गाठ. खालच्या मजल्यावरच्या आजी ओरडायच्या, "अरे पोर आहे का पार्सल?" आणि बाबा म्हणायचा, "यातलं सगळ्यात नाजूक सामान हेच."

पहाटे निघायचो. घाटकोपर-मानखुर्द रस्त्याला लागलो की देवनारचा तो वास यायचा, डम्पिंगचा, धुराचा, कुजलेला, डोळे चुरचुरवणारा. सगळे नाक दाबतात. मी जोरात आत ओढायचे! कारण तो आला म्हणजे निघालो, खरंच निघालो. मग खाडीच्या पुलावर खारा वारा, पनवेलनंतर भट्टीतल्या विटांचा वास, आणि कर्नाळ्याच्या झाडीत शिरलो की अचानक गार, जणू कुणी फ्रीजचं दार उघडलंय. बाबाच्या शर्टाच्या आत हवा भरायची आणि तो पाठीवर फुगायचा, माझ्या गालावर फडफडायचा. साबणाचा वास, घामाचा वास. मला रस्ता कधी दिसलाच नाही. मला त्या सगळ्या रस्त्याची आठवण म्हणजे एक फिक्कट चौकटीचा शर्ट.

आणि येताना! येताना वजन दुप्पट व्हायचं. तांदूळ, आमसुलं, नारळ, कुळथाचं पीठ, आणि काकी शेवटच्या क्षणाला धावत येऊन देणार ते वेगळंच. एका वर्षी तिने फणस दिला. बाबाने तो डावीकडे बांधला आणि गाडी डावीकडे झुकायला लागली. कुणीही काय केलं असतं? फणस परत दिला असता. बाबाने उजवीकडे जांभ्याचा चिरा बांधला. दगड! फणसाला जोडीदार म्हणून गावाहून घाटकोपरपर्यंत एक दगड आणला आम्ही. आई दारात उभी, बघतेय, बघतेय, आणि मग म्हणाली, "तिकडे चिरे जास्त झाले की इकडे डोंगर कमी पडला?"

पण सगळ्यात भारी काजूंचं. थांबा हं, हे नीट सांगते. त्या वर्षी काजूच्या बिया भरपूर मिळाल्या होत्या, न भाजलेल्या, टरफलासकट. बाबाने तोलून तोलून त्या उजव्या कप्प्यात भरल्या. सगळं मापात, काट्यावर तोलल्यासारखं. फक्त एक विसरला, की उजवीकडे सायलेन्सर आहे, आणि भरलेली मऊ बॅग वाटेत खाली ओघळते. कशेडी घाट उतरलो आणि बाबाने नाक वर केलं.

"काय झकास वास येतोय बघ! कुणीतरी काजू भाजतंय."

मी पण वास घेतला. खरंच झकास. पोलादपूर आलं, वास होताच. महाड आलं, वास होताच. बाबा म्हणाला, "हल्ली या पट्ट्यात घरोघरी काजू भाजायला लागले वाटतं." मागून एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, बाबा त्याला हाताने "जा ना बाबा पुढे" करत होता. शेवटी ट्रक शेजारी आला आणि क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ साहेब, तुम्ही पेटलाय!"

आम्हीच होतो. आम्ही घाटापासून स्वतःचेच काजू भाजत आलो होतो, आणि सगळ्या रस्त्याला वास वाटत. रेक्झिन वितळून भोक पडलेलं, त्यातून काळा चिकट धूर. बाबाने पाण्याची बाटली ओतली, मग आम्ही कडेला दगडावर बसलो, आणि त्याने एक काळी बी फोडली, अर्धी मला दिली. बाहेरून जळकी, आतून कच्ची. तोंडाला खाज सुटली. बाबा एवढा हसला, एवढा हसला की त्याला उठून उभं राहावं लागलं. मी त्याला तसं हसताना नंतर कधी बघितलं का? मला आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न करतेय.

त्या भोकाला त्याने चामड्याचं ठिगळ लावलं. मग आणखी दोन-तीन मे गेले, बहुतेक. मग मी दहावीत गेले, मग कॉलेज, मग मला सुट्टीत कुठे कुठे जायचं असायचं आणि गाव बोअर वाटायचं, असं मी बोललेसुद्धा एकदा. मग ती निळी फाईल. गाडी विकली तेव्हा मी क्लासला होते. घेणारा माणूस बॅग पण मागत होता म्हणे, आणि बाबाने देऊन टाकली. आई सांगते, त्यानंतर किती दिवस बाबा सकाळी चहाचा कप घेऊन खाली जायचा आणि पार्किंगच्या रिकाम्या चौकोनाजवळ उभा राहायचा. तेलाचा डाग होता तिथे. पुढे सोसायटीने फरशा घातल्या.

"मॅडम?" जिग्नेशभाई म्हणाला. "मग टेलबॅग काढू?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही, सॅडलबॅग दाखवा."

"पण एकट्याच जाताय ना?"

"सॅडलबॅगच दाखवा."

त्याने जोडी काढली, बाहेर माझ्या बाईकवर टाकून दाखवली. मस्त दिसत होती. सीट मोकळी. रिकामी, काळी, उन्हात चमकणारी सीट. मी मुद्दाम बाबाकडे बघत नव्हते. मी बकलशी खेळत होते, टक् उघड, टक् बंद.

बाबा बाईकला एक फेरी मारून आला. सॅडलबॅगेच्या वरच्या कडेला हात ठेवला. मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं.

"हिच्यावरून माझा पाय नाही जायचा," तो म्हणाला.

मी बकल सोडलं.

म्हणजे तो मोजत होता! म्हणजे दोन आठवडे मी व्हिडिओ बघत होते तेव्हा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पेपरमागे बसून हा माणूस हेच मोजत होता, की पाय कुठून जाईल.

"बाबा, आपण छोटी घेऊ ना. किंवा बॅगच नको. सामान कुरिअर करते मी!"

"गप रव. जरा विचार करूक दी." मग जिग्नेशभाईला, "ती मघाची वळकटी, तिला पाठीवर घ्यायचे पट्टे येतात काय?"

"आहेत की काका. आत लपवलेत. हे बघा, चेन उघडा. गाडीवरून काढली की सॅकसारखी हॉटेलात न्यायची."

बाबाने ते पट्टे बाहेर काढले, ओढून बघितले, डाव्या हाताने. मग मला म्हणाला, अगदी कामावरच्या माणसाला सांगावं तसं, "मी पेणपर्यंत येतो. त्याच्यापुढे ही कंबर आणि हा आळशी ऐकायचे नाहीत. पेणपर्यंत बॅग माझ्या पाठीवर. वजन कॅरियरवर टेकेल, मी नुसती धरायची. पेणला मी उतरलो की माझ्या जागेवर ती. मी एसटीने परत."

जिग्नेशभाई म्हणाला, "काका, एकदम परफेक्ट."

मी परत बकलशी खेळायला लागले, कारण बोलले असते तर तिथेच भोकाड पसरलं असतं, दुकानात, हेल्मेटच्या शेल्फासमोर.

आईला सांगितलं तेव्हा तिने आधी गॅस बंद केला. मग, "हाताला पकड नाही आणि पाठीवर बोचकं! दोघांची डोकी फिरलीत." मग, "स्वेटर घाल." मग, "पेणला पोचलात की फोन करा. दोघांनी. वेगवेगळा."

शनिवारी सकाळी निघालो. सोसायटीच्या पायरीवर उभा राहून बाबा बसला, तिसऱ्या प्रयत्नात. मला हेल्मेटमधून काही ऐकू येत नव्हतं, फक्त खांद्यावर त्याचा डावा हात, जड, गरम. देवनार आलं. वास होता, पूर्वीइतका नाही, पण होता. मी आरशात बघितलं तर बाबाने हेल्मेटची काच वर केली होती.

खाडीवर वारा एवढा की मी साठच्या वर गेलेच नाही. पनवेलच्या पुढे रस्ता आता ओळखू येत नाही, सगळे पूल आणि खांब. पण कर्नाळ्याला झाडी आहे अजून, आणि ती गार हवा, तशीच, एकदम, अंगावर. तिथे खांद्यावर दोनदा थापटलं. मी घाबरून गाडी बाजूला घेतली.

"काय झालं? दुखतंय?"

"काही नाही गं. मला हे कधी बघायलाच मिळालं नाही. समोर बघून चालवायचो ना."

आम्ही तिथे थांबलो जरा. बाबा झाडांकडे बघत होता, वर, उजवीकडे, डावीकडे, टुरिस्टसारखा. मी त्याच्याकडे बघत होते.

पेणच्या स्टँडसमोर चहा घेतला. बाबाने पाठीवरून बॅग उतरवली आणि म्हणाला, "मी बांधतो."

मी हात मागे घेतले. खरंच मागे, पाठीवर एकात एक अडकवून, कारण नाहीतर ते पुढे गेले असते. पट्टा डाव्या हाताने खेचायचा, उजव्या कोपराने दाबून धरायचा, तेवढ्यात बकलमध्ये सरकवायचा. सुटायचा. परत. एक पट्टा, दुसरा पट्टा. त्याच्या कपाळावर घाम. चहावर साय आली. चहावाला म्हणाला, "काका, देऊ का हात?" आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की तो भांडी घासायला लागला. तिसरा. चौथा. बाबाने बॅगेला वरून एक थाप मारली, आणि बाजूला झाला.

एसटी आली, पनवेलमार्गे ठाण्याची. बाबा चढला, खिडकीत बसला. हात वगैरे नाही केला. "कशेडीला सावकाश," एवढंच म्हणाला, आणि गाडी वळून गेली.

मी हेल्मेट घातलं. निघायचं म्हणून बाईकजवळ गेले आणि बॅगेकडे बघितलं. मागचा उजवा पट्टा जरा ढिला वाटत होता. जरासाच. मी बोट लावलं नाही. बाबाने बांधलीय, विषय संपला. बसले, स्टार्टर दाबणार तेवढ्यात फोन. हेल्मेट काढून उचलला.

"निघालीस?"

"निघतेय."

"पट्टे बघितलेस?"

"तू बांधलेस ना."

मागे एसटीचा घर्रर्र आवाज, कुणीतरी तिकीट मागत होतं.

"म्हणून तर सांगतोय," बाबा म्हणाला. "मागचा उजवा. मला जोर नाय लागलो. आवळ."

मी उतरले. फोन कानात, खांद्याने दाबून धरला, आणि दोन्ही हातांनी पट्टा खेचला. चांगला बोटभर आत आला.

"झालं?"

"झालं."

"हलव एकदा बॅग."

मी हलवली. हलली नाही.

"नाही हलत, बाबा."

"मग जा आता," तो म्हणाला, पण फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.